साक्षीची तिथी

(विक्रोळी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

‘योम हा-शोआ’ हा इस्रायलचा राष्ट्रीय स्मरणदिन निसान या हिब्रू महिन्याच्या २७ व्या तिथीला पाळला जातो आणि त्याचे कायद्यातील पूर्ण नाव ‘शोआ आणि शौर्य यांचा स्मरणदिन’ असे आहे. ‘योम’ म्हणजे दिवस आणि ‘शोआ’ म्हणजे अकस्मात कोसळणारा सर्वनाश. नाझी जर्मनीने व तिच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विशेषतः १९४१ पासून, युरोपातील सुमारे साठ लाख ज्यूंची जी पद्धतशीर हत्या केली, तिच्यासाठी हिब्रू भाषेने हा शब्द पत्करला. जगभर रूढ झालेला ‘होलोकॉस्ट’ हा शब्द मुळात ग्रीक असून ‘पूर्ण जाळून अर्पण केलेला बळी’ असा त्याचा अर्थ होतो, आणि ज्या मृत्यूत ना देव होता, ना यजमान, ना अर्पणाचा भाव, त्याला यज्ञाची भाषा लावणे अनेक ज्यू विचारवंतांना खटकत आले आहे. मराठीत ज्याला ‘वंशसंहार’ म्हणतात ती संकल्पना राफाएल लेमकिन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली मांडली. एखाद्या समूहातील माणसे केवळ त्या समूहात जन्मली म्हणून, समूहच नाहीसा करण्याच्या हेतूने मारली जातात तेव्हा त्या गुन्ह्याला ‘हत्याकांड’ हा शब्द अपुरा पडतो, हे त्याने ओळखले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्या गुन्ह्याविरुद्धचा करार स्वीकारला.

हा विषय विक्रोळीत का मांडावा, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मध्य रेल्वेच्या ज्या मार्गावर विक्रोळी वसली आहे, त्याच मार्गावर एका बाजूस कुर्ल्याला आणि दुसऱ्या बाजूस ठाण्याला बेने इस्राएल या ज्यू समाजाची सभास्थाने, म्हणजे सिनेगॉग, आहेत. ठाण्याचे ‘शाआर हाशामायिम’, अर्थात ‘स्वर्गाचे द्वार’, हे १८७९ सालचे असून या समाजाची आजची एक मोठी वस्ती ठाण्यातच आहे. घरात मराठी बोलणारा, गावावरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी आडनावे लावणारा हा समाज आपल्या कोकणातील दीर्घ इतिहासात ज्यू म्हणून कधी छळला गेला नाही, आणि ज्यू जगात असे सांगू शकणारे समाज फार थोडे आहेत. मग ज्यांच्या अंगणात ती आग आलीच नाही, त्यांनी तिचे सुतक का आणि कसे पाळावे, हा या व्याख्यानाचा खरा विषय आहे. त्याचे उत्तर रक्ताच्या नात्यात शोधू गेल्यास सापडत नाही, ते ‘साक्ष’ या कल्पनेत सापडते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम तिथीचा विचार करणे आवश्यक आहे. हिब्रू पंचांग मराठी पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर आहे. त्यातही महिने चंद्रावर चालतात, ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरला जातो, दिवस मात्र सूर्यास्ताला सुरू होतो. निसान हा वसंताचा महिना असल्याने त्याची पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास येते व त्या पौर्णिमेला मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा पेसाह हा सण असतो. ज्यू धर्माचारात मृताचे वार्षिक स्मरणही तिथीनेच होते, त्या दिवशी दिवा लावला जातो आणि मृताचा जवळचा आप्त ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणतो. ज्या घरांत तिथीने श्राद्ध होते त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. अडचण अशी की ज्यांना मालगाडीच्या डब्यांतून नेऊन मारण्यात आले, ज्यांची नावे छावणीच्या दाराशी कोणी लिहून घेतली नाहीत आणि ज्यांची राखही हाती आली नाही, अशा लाखो माणसांची मृत्युतिथीच उपलब्ध नव्हती. आणि बहुधा कद्दिश म्हणणारा आप्तही उरला नव्हता.

म्हणून तिथी ठरवावी लागली, आणि ती धर्मपीठाने नव्हे तर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ठरवली, ही गोष्ट लक्षणीय आहे. वॉर्सा शहरात ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीने, म्हणजे घेटोने, १९ एप्रिल १९४३ रोजी नाझी सैन्याविरुद्ध सशस्त्र उठाव केला होता आणि स्मरणदिन याच उठावाशी जोडावा असा आग्रह लढवय्यांच्या संघटनांनी धरला. परंतु तो दिवस पेसाहच्या पूर्वसंध्येचा होता आणि सणाच्या तोंडावर शोक करणे धर्मशास्त्राला मान्य नव्हते. अखेर उठाव अनेक आठवडे चालला होता याचा आधार घेऊन सण संपल्यानंतरची आणि इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठ दिवस आधीची तिथी काढण्यात आली. १२ एप्रिल १९५१ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, २७ निसानचा ठराव संमत केला; त्यामागे विशेष प्रयत्न होते ते रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोर्देखाय नुरोक यांचे, ज्यांची पत्नी आणि मुले लातवियात मारली गेली होती. (त्याच वर्षी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार होत होत्या; दोन नवी प्रजासत्ताके आपापली पंचांगे लिहू लागली होती, एवढ्यापुरताच हा योगायोग ध्यानात घ्यावा.) १९५३ च्या कायद्याने जेरुसलेम येथे ‘याद वाशेम’ ही स्मृतिसंस्था स्थापन झाली, १९५९ च्या कायद्याने दोन मिनिटांचे मौन, स्मृतिसभा आणि अर्ध्यावर उतरवलेले ध्वज अनिवार्य झाले, आणि १९६१ च्या दुरुस्तीने पूर्वसंध्येला करमणुकीची ठिकाणे बंद राहू लागली. आज त्या दिवशी सकाळी दहाला देशभर भोंगा होतो, रस्त्यांवरील वाहने जागच्या जागी थांबतात आणि चालक दार उघडून बाहेर उभे राहतात. मुंबईच्या कामगार वस्त्यांत भोंगा पाळी बदलल्याची वर्दी देत असे. इस्रायलमध्ये तो काम थांबवण्यासाठी वाजतो.

धर्मनिष्ठांचा आक्षेप मात्र मिटला नाही. निसान हा आनंदाचा महिना, त्यात सुतक कसले, असा त्यांचा सवाल होता. रब्बींच्या सर्वोच्च मंडळाने ज्यांची मृत्युतिथी ठाऊक नाही अशांसाठी तेवेत महिन्याची दशमी आधीच नेमून दिली होती. आणि काहींचे म्हणणे असे की शोकासाठी नव्या दिवसाची गरजच नाही, कारण आव महिन्याची नवमी त्यासाठी पिढ्यानपिढ्या राखून ठेवलेलीच आहे. आवची नवमी म्हणजे जेरुसलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाल्याचा उपास, पहिल्यांदा बाबिलोनच्या हातून आणि दुसऱ्यांदा इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याच्या हातून. पुढच्या शतकांतील अनेक आपत्तीही याच दिवसाच्या पदरात बांधल्या गेल्या.

या नवमीला कोकणातील बेने इस्राएल ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. सोललेल्या कडव्या वालांचे बिरडे कोकणी स्वयंपाकघरात कसे होते हे विक्रोळीतील रायगड-रत्नागिरीकडच्या घरांना सांगावयास नको. त्या दिवसाचा उपास या बिरड्याने सोडला जाई आणि दिवसाला नावही त्याचेच पडले. जेरुसलेम पाहिलेले कोणी नाही, मंदिराचा एक दगड कोणाच्या स्मरणात नाही, हिब्रू भाषेचा परिचयही एके काळी जवळजवळ पुसला गेलेला, अशा स्थितीत चार हजार किलोमीटरहून दूरच्या एका विध्वंसाचे सुतक अलिबाग आणि पेणच्या परिसरात वालाच्या बिरड्याच्या रूपाने टिकले, ही घटना स्मृतीच्या अभ्यासकाने फार गंभीरपणे घ्यावी अशी आहे. आपल्यावर न ओढवलेल्या आपत्तीचे स्मरण करण्याची विद्या या समाजाला इस्रायलच्या संसदेने शिकवली नाही. ती त्याच्या स्वयंपाकघरात आधीपासून होती.

या विद्येचा दुसरा पाठ पेसाहच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या ‘हगादा’ या ग्रंथात आहे, जो मराठी अनुवादासह मुंबईत १८४६ साली छापला गेला. प्रत्येक पिढीतील प्रत्येक माणसाने मिसरातून आपण स्वतःच बाहेर पडलो असे समजावे, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती सूत्र आहे. पूर्वजांची हकीकत ऐकावी एवढ्यावर तो ग्रंथ थांबत नाही, ऐकणाऱ्याने त्या हकीकतीत उभे राहावे अशी त्याची अपेक्षा आहे. ज्यू परंपरेत स्मरण हे असे कर्तव्य आहे, आणि कर्तव्य वारसाहक्काने मिळालेल्या दुःखावर अवलंबून नसते.

बेने इस्राएलांची स्वतःची मूळकथाही मृतांपासूनच सुरू होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, समुद्राने आणून टाकलेली प्रेते त्यांनी किनाऱ्यालगत पुरली, आणि त्या चौदा जणांपासून समाज वाढला, अशी ही परंपरागत हकीकत आहे. तिचा काळ इतिहासकारांत वादग्रस्त आहे, परंतु नवगावची दफनभूमी वादग्रस्त नाही. तेथे आज स्मारक उभे आहे आणि त्याखाली कोण आहेत त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. वाचलेले लोक तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आल्यावर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवीत ‘शाआर हाराहामीम’ हे मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. ज्या वर्षांत जर्मनीत ज्यूंकडून पदे, पदव्या आणि अखेर नागरिकत्व काढून घेतले जात होते, त्याच सुमारास, १९३७-३८ मध्ये, मुंबईच्या महापौरपदी डॉ. एलिजा मोझेस होते. महालक्ष्मीजवळून जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा आहे.

मुंबईला युरोपातील धग लागली ती आश्रयार्थींच्या रूपाने. १९३४ साली येथे ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ ही साहाय्यसंस्था निघाली, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया येथून आलेल्यांची जामीनपत्रे, नोकऱ्या, राहण्याची सोय तिने पाहिली. निर्वासित डॉक्टरांच्या जर्मन पदव्यांना येथे मान्यता मिळावी म्हणून बेने इस्राएल समाजातील नामवंत वैद्य डॉ. अब्राहम एरुलकर यांनी खटपट केली, आणि छळ न अनुभवलेल्या समाजाने छळलेल्यांसाठी काय करावे याचे हे सर्वांत व्यवहारी उत्तर मानावे लागेल. कार्ल्सबाडचा संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईस आला, नभोवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, आणि पहाटे प्रक्षेपण सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ओळखधून त्याचीच मानली जाते. मराठी माणसाच्या तीन-चार पिढ्यांची सकाळ ज्या सुरांनी उजाडली ते सूर युरोपातून निसटलेल्या एका ज्यूचे होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. व्हिएन्नाचा एमान्युएल श्लेसिंगर मुंबईत स्थिरावला आणि प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची चित्रे कोणी घेत नव्हते तेव्हा ती विकत घेऊ लागला. चित्रकार वॉल्टर लांगहामर ज्यू पत्नीसह १९३८ मध्ये आला आणि त्याचे घर त्या तरुण चित्रकारांची शाळा बनले. प्रागहून आलेला लेखक विली हास मुंबईत चित्रपटकथा लिहीत होता, तर मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित करणारा फ्रान्झ ऑस्टेन हा नाझी पक्षाचा सदस्य होता. एकाच उपनगरी वाहतुकीच्या टापूत दोन्ही जर्मनी नांदत होत्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले आणि सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबले. त्यात हिटलरपासून पळालेले ज्यूही होते, आणि नाझी समर्थकांच्या शेजारी त्यांना दिवस काढावे लागले, जोवर चौकशी समितीने त्यांची निवड करून बहुतेकांना सोडले नाही. येथे एक गल्लत दूर करणे इष्ट ठरेल. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि वर्तमानपत्री लेखनात तिचा उल्लेख कधी कधी ज्यूंची छावणी असा होतो. प्रत्यक्षात तेथील स्त्रिया व मुले बहुसंख्येने कॅथलिक होती आणि त्यांना घराबाहेर काढले होते ते सोव्हिएत सत्तेने. करवीरकरांच्या आतिथ्याची थोरवी याने कमी होत नाही, परंतु एकाच्या मृतांच्या नावावर दुसऱ्याचे दुःख जमा करणे हा स्मरणाचा प्रकार नव्हे.

या काळातील सर्वांत खोल वाद मात्र विदर्भातून सुरू झाला. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ या दिवसांत जर्मनीत ज्यूंची दुकाने व सिनेगॉग जाळले गेले, आणि २० नोव्हेंबरला वर्ध्याजवळील शेगावात, जे पुढे सेवाग्राम झाले, गांधीजींनी ‘द ज्यूज’ हा लेख लिहिला, जो २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध झाला. मानवतेच्या नावाने एखादे युद्ध न्याय्य ठरू शकत असेल तर ते जर्मनीविरुद्धचे ठरेल, असे त्यांनी त्यात मान्य केले. परंतु युद्धावर आपला विश्वास नाही, आणि जर्मनीतील ज्यूंनी अहिंसक प्रतिकार करून स्वेच्छेने यातना पत्कराव्यात, असा सल्ला दिला. पुढच्या जुलैत त्यांनी वर्ध्याहून हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्रही लिहिले, जे ब्रिटिश सरकारने पुढे जाऊच दिले नाही. ज्यूंविषयीच्या लेखाला जेरुसलेमहून तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी २४ फेब्रुवारी १९३९ रोजी लांब उत्तर पाठवले. बूबर गांधीजींचा आदर करीत, आणि म्हणूनच त्यांचे उत्तर बोचते. त्यांचा मुख्य मुद्दा असा की सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. दक्षिण आफ्रिकेत किंवा हिंदुस्थानात सत्याग्रहीचे दुःख जगाला दिसते, प्रतिपक्षाच्या मनापर्यंत पोहोचते, परंतु छळछावणीच्या भिंतीआड ज्याचे बलिदान कोणी पाहत नाही, ज्याचे नावही नोंदले जात नाही, त्याचे हौतात्म्य वाऱ्यावर उधळले जाते.

बूबर यांनी हे लिहिले तेव्हा गॅसच्या कोठड्या अजून बांधल्या जावयाच्या होत्या. पुढील सहा वर्षांनी त्यांचा मुद्दा अतिशय क्रूरपणे सिद्ध केला, कारण साक्ष नाहीशी करणे हा नाझींच्या कृतीचा आनुषंगिक भाग नव्हता, तो तिचा उद्देशच होता. पुरलेली प्रेते उकरून जाळण्यासाठी स्वतंत्र पथके नेमली गेली आणि माघार घेताना कोठड्या सुरुंगाने उडवण्यात आल्या. २७ निसान या तिथीचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. जी साक्ष त्या वेळी कोणी देऊ शकले नाही ती उशिरा का होईना पुरी करण्याचा हा प्रयत्न आहे, आणि साक्षीदार होण्यासाठी मृताचा नातलग असणे आवश्यक नसते. किंबहुना न्यायालयात तिऱ्हाइताची साक्ष अधिक वजनदार मानली जाते.

इस्रायललाही हे लगेच उमगले नव्हते. सुरुवातीची दहा वर्षे त्या देशाला शौर्य हवे होते, शोक नको होता. दिवसाच्या नावातील ‘शौर्य’ हा शब्द त्याचीच खूण आहे, आणि छावण्यांतून वाचून आलेल्यांना ‘तुम्ही लढला का नाहीत’ असे उघड विचारले जात असे. नाझी अधिकारी अॅडॉल्फ आइखमन याच्यावरील खटला ११ एप्रिल १९६१ रोजी जेरुसलेम येथे सुरू झाला, शंभरावर साक्षीदार एकामागून एक उभे राहिले, त्यांचे बोलणे घरोघरच्या रेडिओवरून ऐकले गेले, आणि तेव्हा कुठे भाकरीचा तुकडा मुलासाठी राखून ठेवणे हेही शौर्यच होते हे समाजाला ऐकू येऊ लागले.

मराठी वाचकाला या विषयाचा दुसरा धागा अधिक जवळचा वाटेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९४२ मध्ये कॅनडात भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला, जो पुढील वर्षी पुस्तकरूपाने आला. त्यात नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यांविषयीची भूमिका यांत विचारसरणी व परिणाम या दोन्ही दृष्टींनी फरक नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. १७ डिसेंबर १९४२ रोजी मित्रराष्ट्रांनी ज्यूंच्या संहाराचा जाहीर निषेध केला, तो याच महिन्यात. दोन्ही अन्यायांची तंतोतंत बरोबरी करता येते का, यावर विद्वानांत मतभेद होऊ शकतील, परंतु जन्माने माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था कोठे पोहोचू शकते हे बाबासाहेबांनी ओळखले होते, आणि युरोपातील संहार हा त्यांना दूरदेशीचा वृत्तान्त वाटला नव्हता. २०२६ साली निसानची सत्ताविसावी तिथी १४ एप्रिलला, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीलाच येते.

त्याच काळातील मराठी मुलखाने उलट दिशेचेही विचार पाहिले, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक झालेले मा. स. गोळवलकर यांच्या १९३९ साली नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या ‘वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंना देशातून घालवल्याचा उल्लेख वंशाभिमानाचे उदाहरण आणि हिंदुस्थानने घेण्याजोगा धडा म्हणून आला आहे. पुढे संघाने त्या पुस्तकापासून अंतर राखले. युद्धोत्तर मराठी वाचनात वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाचे स्थान मोठे आहे आणि त्याच्या नावातच निवाडा आहे. तरीही सामान्य मराठी संभाषणात हिटलर हे नाव शिस्तीचे टोपणनाव म्हणून वावरते, कडक मुख्याध्यापकाला ते चिकटते, आणि गर्दीच्या लोकलमध्ये ‘या देशाला हिटलरच पाहिजे’ हे वाक्य अधूनमधून ऐकू येतेच. मारणाऱ्याचे नाव घरोघरी आहे आणि मेलेल्यांपैकी अॅन फ्रँकखेरीज एकाचेही नाव कोणाला सांगता येत नाही, ही विषमता अज्ञानातून आली आहे. द्वेषाचा भाग तिच्यात थोडा. खाडीपलीकडे खारघरला २००६ साली हिटलरच्या नावाचे उपाहारगृह उघडले तेव्हा मुंबईतील ज्यू समाजाने जाहीर आक्षेप घेतला आणि मालकांनी नाव बदलले. छळ न अनुभवलेला हा समाज त्या वेळी नेमका साक्षीदाराच्या जागी उभा होता.

इस्रायलची स्थापना झाल्यावर बेने इस्राएलांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना या गावांतून मराठी ऐकू येऊ लागली आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघू लागले. त्यांच्या वाट्याला आलेला एक प्रसंग या विषयाशी थेट भिडतो. विवाहनोंदणीच्या वेळी बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी शंका घेण्यात आली आणि १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने मातृपक्षाची वंशावळ शक्य तितकी मागे तपासावी, असा आदेश काढला. आइखमनच्या खटल्यात आजी-आजोबांच्या वंशावरून माणसे निवडणाऱ्या राजवटीचे पुरावे ज्या शहरात नुकतेच ऐकले गेले होते, त्याच शहरात पेण-अलिबागकडच्या मुलीला तिच्या आजीविषयी विचारले जात होते. या दोन गोष्टी एका तागडीत घालणे सर्वथा चुकीचे ठरेल, कारण एकीचा शेवट मृत्यूत होता आणि दुसरीचा लग्नाच्या दाखल्यात. पण अपमान अपमानच होता. बेने इस्राएलांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे ठरावाने जाहीर केले. त्यांनी हे आंदोलन केले ते दरवर्षी साऱ्या देशासोबत २७ निसानचे मौन पाळत असतानाच.

स्मरणदिनाचा राजकीय वापर होतो, हेही मान्य केले पाहिजे. राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवडाभर आधी शोकदिन ठेवण्यात एक कथा रचलेली आहे, आणि ज्या महाराष्ट्राने आपल्या राज्याची स्थापना हुतात्मा चौकाच्या पाठीवर उभी केली त्याला अशी रचना अनोळखी नाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतर गाझात झालेल्या युद्धातील प्रचंड जीवितहानीवरून दक्षिण आफ्रिकेने लेमकिनच्या प्रयत्नांतून आलेल्या त्याच कराराखाली इस्रायलविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. तेव्हापासून या तिथीभोवतीचा वाद इस्रायलच्या आतही तीव्र झाला आहे, आणि ज्याला साक्षीचे मूल्य कळते त्याला कोणाच्याही मृतांकडे पाठ फिरवता येत नाही. भारताने तो करार १९५९ सालीच मान्य केला असला, तरी वंशसंहाराला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा देशांतर्गत कायदा आजही आपल्याकडे नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली ठरवलेला २७ जानेवारी हा आंतरराष्ट्रीय दिवस आउश्वित्झ छावणी मुक्त झाल्याच्या तारखेवरून आला, त्यात सुटका केंद्रस्थानी आहे. निसानच्या तिथीत ती नाही.

याद वाशेमने १९५० च्या दशकात ‘साक्षपत्र’ नावाचा एक साधा छापील अर्ज तयार केला, आणि ज्याला एखादा मृत माहीत असेल त्याने तो भरून सही करावी असे आवाहन केले. अर्जदार नातलगच असला पाहिजे अशी अट त्यावर नाही. शेजारी, वर्गमित्र, एकाच वाड्यात राहिलेला कोणीही चालतो. अशा अर्जांतून व इतर कागदपत्रांतून आजवर गोळा झालेल्या नावांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली आहे, म्हणजे साठ लाखांपैकी उरलेले अजूनही नवगावच्या किनाऱ्यावरील मृतांसारखे निनावीच आहेत. अर्जात नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, गाव, व्यवसाय असे रकाने असतात, आणि बहुतेक अर्जांत हे रकाने थरथरत्या अक्षरात का होईना भरलेले आढळतात. मृत्यूच्या तारखेचा रकाना मात्र हजारो अर्जांवर कोराच राहिला आहे.